अण्णांना त्रास होईल असं काही

अण्णा,

तीर्थरूप लिहीत नाही. हात धजत नाही असं नव्हे, मनच होत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता मायना चुकला म्हणून माझा कान पिळायलाही कुणी नाही. बातमी एवढीच की मला दमा झाला आहे. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं, एका यंत्रात फुंकायला लावलं आणि विचारलं, घरात कुणाला होता का? मी म्हटलं, वडिलांना. त्या म्हणाल्या, मग बरोबर. तुमच्याकडून माझ्या वाट्याला कधी काही आलं नाही अशी माझी जुनी तक्रार होती, ती मी मागे घेते.

पण नुसतं हे कळवायला मी कागद घेऊन बसलेली नाही. मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे, आणि ती मी नववीत होते तेव्हापासून विचारायची आहे. लोधिवलीची आजी वारली, त्या सकाळी तुम्हाला खरोखर दम लागला होता का? तुम्ही होतात तोवर हे विचारता आलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्हाला दम लागला असता. आपलं घर असंच चालायचं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, आपल्याकडे तुमचं नाक चोंदलं की बाकीच्यांची तोंडं बंद व्हायची. इतरांचे बाप पोरांना दम द्यायचे. तुम्हाला तो नुसता लागला तरी काम भागायचं.

याची सुरुवात कुठे झाली ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी तिथे होते. मी तिसरीत असेन. माझा कान फुटला होता म्हणून तुम्ही मलाही एसटीने कर्जतला नेलंत. आधी माझ्या कानात थेंब घातले, मग तुम्हाला तपासलं. तो म्हातारा डॉक्टर चष्म्यावरून बघत सावकाश बोलायचा. म्हणाला, धूळ नको, धूर नको. जुन्या गोधड्या उन्हात टाका. कोंबड्या घरात घेऊ नका, पिसांनी वाढतं. तुम्हाला त्रास होईल असं घरात काही ठेवू नका. मी भिंतीवरच्या चित्रातली गुलाबी फुप्फुसं बघत होते, पण कान दुखत असला तरी ऐकू येत होतं. घरी आल्यावर तुम्ही ओटीवर बसलात, आईने पाणी आणून दिलं, आणि तुम्ही तिला सांगितलंत, "डॉक्टर म्हनला, मला तरास व्हईल असं घरात कुनी वागायचं नाय." मी आज पोरांना व्याकरण शिकवते, अण्णा. ठेवायचं नाही आणि वागायचं नाही, तुम्ही एक क्रियापद बदललंत. चुकून बदललंत की जाणून, हे मी कितीतरी वेळा मनात घोळवलं आहे. गोधड्या तशाच राहिल्या. कोंबड्या संध्याकाळी तुमच्या खाटेखाली येऊन बसायच्या त्या बसतच राहिल्या, कारण तुम्हाला सकाळी गावठी अंडं लागायचं. कोंबड्या राहिल्या, वाद तेवढे गेले.

आईने मात्र डॉक्टरचं आणि तुमचं, दोघांचंही ऐकलं. तिने फोडणीची चूल परसात नेली. वर एक पत्रा, तोही वाऱ्याला उडणारा. आषाढात तिचा अर्धा पदर भिजायचा आणि ती एका हाताने पत्रा धरून दुसऱ्या हाताने लसूण परतायची. मी मोठ्याने पाढे म्हटले की "हळू गं, ह्यांना तरास व्हईल." शेजारची बाई पाण्यावरून भांडायला आली की "उद्या बोलू, ह्यांना तरास व्हईल." मामाने आजीच्या आजारपणाची गोष्ट काढली तरी तेच. तुम्ही खाटेवर पडून सगळं ऐकत असायचात. पाहुणेरावळे म्हणायचे, अण्णा मनाने लई हळवे, लगेच लावून घेतात, दमेकऱ्याचा सभावच तसा. आणि तुम्ही डोळे मिटून मान डोलवायचात. तुमचा हळवेपणा आम्हाला मात्र कधी दिसला नाही. मी तापाने फणफणले होते तेव्हा तुम्ही आईला माझ्याजवळून उठवून तुमचं पाणी गरम करायला लावलंत.

मी पोरगी होते, पण डोळे उघडे होते. चैत्रात सगळं गाव भाताच्या रोपांसाठी जमीन जाळून राब भाजायचं, खालापूरपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत शेतं धुमसायची, आणि तुम्ही बांधावर काठी घेऊन उभे असायचात. थंडीत मळ्यात पोपटी लागायची. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला, वर पेंढा पेटवलेला. तो धूर असा की आम्हा पोरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. तुम्ही मडक्याच्या अगदी जवळ बसून शेंगा सोलत असायचात, तोंडाने गोष्टी चालू, हसून हसून खाली पडायचे बाकी. तिथे दमा नाही. आईच्या पळीभर फोडणीला दमा! आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, होऊ शकतं तसं, उघड्यावरचा धूर पांगतो, घरातला कोंडतो. होत असेल. मला पटलेलं नाही.

आणि कारखान्याचं काय? तुम्ही खोपोलीच्या कारखान्यात टाइमकीपर होतात, आणि एकदा डबा विसरून गेला होतात म्हणून आईने मला पाठवलं. गेटाजवळच्या खोलीत तुमचा साहेब, तुमच्याहून लहान असेल वयाने, तुम्हाला सगळ्यांसमोर बोलत होता. गाढव म्हणाला, आणखीही काही म्हणाला. तुम्ही हात बांधून उभे. "व्हय साहेब. चुकलं साहेब." मी खिडकीतून तुमच्या छातीकडे बघत राहिले, आता लागेल, आता लागेल. नाही लागला. श्वास कसा एकसारखा. साहेबापुढे तुमचा दमा मोठा शिस्तीत वागायचा. घरी आलात, आमटीत मीठ कमी पडलं होतं, पहिल्या घासाला भिवया आणि दुसऱ्याला धाप. आईने ताट बाजूला सारलं, पाठ चोळली, माझ्याकडे बघून डोळ्यांनीच दटावलं, जशी काही मीच आमटी केली होती. तुम्हाला त्या दिवशी डबा देऊन मी परतले, पण खिडकीतून मी सगळं पाहिलं होतं हे तुम्हाला कळलंही नाही.

आता ती सकाळ. राब भाजायचेच दिवस, हवेत सगळीकडे जळका वास. मामा लोधिवलीहून कुणाचा तरी टेंपो घेऊन आला. खाली उतरलासुद्धा नाही, तिथूनच म्हणाला, "ताई, चल. तुझंच नाव घेतेय ती." आई तयार होती. दोन दिवस आधीच तिने रव्याचे लाडू वळून ठेवले होते. आजी काही खाणार नव्हती, पण रिकाम्या हाताने माहेरी कसं जायचं. तिने ठेवणीतली हिरवी साडी नेसली, पिशवीत डबा ठेवला, आणि ओटीवर येऊन तुम्हाला म्हणाली, "जाऊन येते." आयुष्यात पहिल्यांदा तिने विचारलं नाही, सांगितलं. तुम्ही म्हणालात, "जा की. मी काय नाय म्हनतो का?" आणि तुमची छाती वाजायला लागली. "जा गं तू. माझं काय. जा." प्रत्येक शब्दामागे एक शिट्टी. मी दाराला टेकून उभी होते. तुमच्या उजव्या मुठीत गोळीची पुडी होती. तिचा पांढरा कोपरा बोटांमधून बाहेर आला होता आणि पाण्याचा तांब्या तुमच्या हाताशी होता. तुम्ही गोळी घेतली नाहीत. आई उंबऱ्यावर उभी राहिली, मामाकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं. टेंपो सुरूच होता. मग ती वळली आणि पिशवी आत नेऊन फळीवर ठेवली. तेव्हा तुम्ही पुडी सोडलीत, गोळी जिभेवर ठेवलीत आणि तांब्याने पाणी प्यायलात.

"ह्यांचं बघून येते रं संध्याकाळपर्यंत," असं ती मामाला म्हणाली. आजी दुपारीच गेली. मग आपण तिघंही लोधिवलीला गेलो. तुम्ही पांढरा सदरा घातला होता. सरण पेटलं तेव्हा वारा नेमका आपल्या बाजूचा होता, लोक पदर, रुमाल नाकाला लावून मागे सरले, आणि तुम्ही जावई म्हणून पुढे उभे. तुम्हाला साधा खोकला आला नाही. तिथून पुढे मी तुमच्याशी बोलायचे ते कामापुरतं. तुम्ही काविळीने गेलात तेव्हा मी रडले नाही, आणि लोक म्हणाले, पोरीने मनात दाबलंय. काही दाबलं नव्हतं.

आता मला काय होतं ते सांगते, कारण तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मला वाटायचं दमेकऱ्याला श्वास घेता येत नाही. तसं नसतं. घेता येतो, सोडता येत नाही. आतला बाहेर जायच्या आतच पुढचा घ्यावा लागतो, आणि छाती भरतच जाते. घ्यायचं जमतं, सोडायचं जमत नाही. हे कळलं तेव्हा पहिल्यांदा मला तुमची आठवण आली, आणि ती काही प्रेमाने आली नाही. डॉक्टरीणबाईंना मी सरळच विचारलं, दमेकरी माणूस मुळातच चिडका असतो का, हेकट असतो का? त्या हसल्या. म्हणाल्या, "चिडकी माणसं सगळ्या रोगांत असतात आणि बिनरोगाचीही असतात. रागाने दमा होत नाही. पण असलेला दमा रागाने उसळतो, रडण्याने उसळतो, कधी पोटभर हसण्यानेही. आणि श्वास कोंडला की गायसुद्धा शिंग उगारेल." म्हणजे तुमच्या स्वभावाचं खापर दम्यावर फोडता येत नाही. ते तुमचं तुम्ही सांभाळा.

आई माझ्याकडेच असते, कर्जतला, दुसऱ्या मजल्यावर. नवरा नोकरीला पुण्यात, शनिवारी येतो, त्यामुळे घरात आम्ही तिघी, आई, मी आणि माझी लेक. स्वयंपाकघराला धूर ओढणारा पंखा आहे, तरी आई अजून फोडणी द्यायच्या आधी दार लोटून घेते. तुम्ही नसतानाही. मला दमा निघाला त्या दिवसापासून तर तिला पुन्हा कामच मिळालं. लेकीने गाणं लावलं की "हळू गं, आईला तरास व्हईल." भाजीवाल्याशी घासाघीस चालू असली की तेच. मला चीड यायची, आणि अण्णा, बरंही वाटायचं. पावसाळ्यात एकदा आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी अण्णांना खरंच लागला होता का गं? आईने हातातली शेंग पुरती सोलली. म्हणाली, "मला काय ठावं? मी काय त्यांच्या छातीत बसले व्हते?" मग सालं गोळा करताना म्हणाली, "लाडू मी कुनाला दिले नाय. तुला बी नाय. कोंबड्यांना घातले." त्या डब्याचं काय झालं ते विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

आणि आता गेल्या आठवड्याचं. माझ्या लेकीला नागपूरला नोकरी लागली आहे. तिकडे जायला नको असं मी कधी म्हटलं नाही. उन्हाळा फार असतो, खोली कशी मिळेल, जेवणाचं काय, एवढंच म्हणत होते, रोज म्हणत होते. निघायच्या दिवशी रिक्षा खाली येऊन उभी होती, स्टेशनवर जायला. लेक बॅग घेऊन दारात आली, वाकून आजीच्या पाया पडली, माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "जा की. मी काय नाही म्हणतेय का?" वाक्य तोंडातून गेलं आणि ते कुणाचं आहे हे मला ऐकू आलं. मग धाप लागली. पहिले एकदोन श्वास मी जरा मोठ्याने घेतले, हे मला माहीत आहे. पुढचे मी घेतले नाहीत. पुढचे आपसूक आले, शिट्टीसकट, आणि घाम फुटून मी खुर्चीत बसले. दम्याच्या औषधाचा पंप माझ्या मुठीत होता.

म्हणजे मला उत्तर मिळालं म्हणायचं. तुम्हाला लागला होता. आणि तुम्ही लावूनही घेतला होता. सोंग पुढे झालं आणि रोग त्याच्या मागून आला, की उलट, हे तुम्हालाही सांगता आलं नसतं. आता मला ते कळतं. पण कळलं म्हणजे माफ केलं असं समजू नका. छाती तुमच्या हातात नव्हती, पुडी होती.

मी पंप तोंडाला लावला नाही. आई पलीकडच्या खुर्चीतून उठली. तिने नातीच्या हातातून बॅग घेतली, आत गेली आणि पलंगावर ठेवून आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचे हातच ते करून आले. लेक तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ही विचारेल, आई, खरंच लागलाय का? तिने नाही विचारलं. ती माझ्यासमोर खाली बसली, माझी मूठ एकेक बोट सरकवून उघडली, पंप घेतला, हलवला, माझ्या ओठांत धरला. "आधी सोड. जमेल तेवढा सोड. आता ओढ. धर. थांब आता." थोडं थांबून पुन्हा एकदा. माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. खाली रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, तिने तिकडे लक्ष दिलं नाही. मग म्हणाली, "बोलून दाखव." मी म्हटलं, "काय बोलू?" ती म्हणाली, "एवढं पुरे. उतरले की फोन करते." आत जाऊन तिने स्वतःची बॅग आणली आणि जिना उतरून गेली. एवढं सोपं होतं, अण्णा. गोळी द्यायची, पाठीवर हात ठेवायचा, आणि जायचं. मला चौदाव्या वर्षी तुमची मूठ उघडायचं सुचलं नाही, आणि आईला कुणी सुचू दिलं नाही.

आई दारात उभी होती. एकदम म्हणाली, "अगं बया, डबा ऱ्हायला!" ओट्यावर स्टीलचा डबा होता. लाडू तिने कधी केले, मला पत्ताच नाही. तो उचलून ती जिन्याकडे पळाली. गुडघे धरून चालणारी माझी आई, दोन मजले, हाताने भिंत चाचपत, मोठ्याने नातीचं नाव घेत. तुमच्या घरात तिचा तेवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. जाताना तिने माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. दमेकरी माणूस खुर्चीत बसलंय आणि ती त्याला सोडून गेली. मी गॅलरीतून बघितलं, रिक्षा थांबवून तिने डबा लेकीच्या मांडीवर ठेवला आणि रिक्षा वळेपर्यंत तिथेच उभी राहिली.

हे कुठे टाकायचं, माहीत नाही. असं लिहिलेलं जाळतात म्हणे, पण धूर होईल, आणि आता तो मला चालत नाही. राहील कुठेतरी डाळींच्या डब्यांमागे. तुम्हाला पोचलं नाही तर बरंच, पोचलं तर तुम्हाला त्रास होईल.

एक राहिलं. रिक्षा वळली तोवर माझी छाती मोकळी झाली होती, पार मोकळी, पावसाने धुतल्यासारखी. आई जिना चढून वर आली, तीच धापा टाकत होती. दाराला धरून तिने विचारलं, "बरं वाटतंय का गं?"

मी म्हटलं, "नाही गं. अजून लागतोय."